'शोषण' नको, मग काय? 'ॲब्सॉर्प्शन'ला मराठी शब्द सुचवा

बोरूबहाद्दर
नमस्कार मंडळी.

मी भाषांतराची कामं करतो. सध्या हातात आरोग्यावरची एक माहितीपुस्तिका आहे, साठेक पानांची. तिच्यात 'ॲब्सॉर्प्शन' हा शब्द एकोणतीस वेळा आलाय. हो, मोजले. गोळीतल्या औषधाचं ॲब्सॉर्प्शन, लोहाचं ॲब्सॉर्प्शन, त्वचेतून मलमाचं, जखमेवरच्या पट्टीचं, आणि शेवटच्या प्रकरणात मूल खेळात रमतं त्यालाही हाच शब्द. काम देणाऱ्यांची अट अशी की एका इंग्रजी शब्दाला पुस्तिकाभर एकच मराठी शब्द हवा. त्यांचं सॉफ्टवेअर तपासतं आणि फरक दिसला की लाल रेघ मारतं.

मी आपला बिनधास्त 'शोषण' लिहीत सुटलो. चौदाव्या पानावर एक मथळा टंकला आणि हात थांबला: 'बालकांमधील शोषण वाढवण्याचे सोपे उपाय'.

तर मदत करा. माझं मत असं झालंय की मराठीत याला एकही धड नाम नाही. अवशोषण, अभिशोषण हे शब्द पुस्तकांबाहेर कुणाच्या तोंडून ऐकलेले नाहीत. चुकत असेन तर सांगा.

रिकामटेकडी
मथळा तसाच छापा. पुस्तिका पहिल्याच दिवशी घराघरांत पोचेल.

अर्धविराम
शोषून घेणे. झालं की. यात धागा काढण्यासारखं काय आहे?

बोरूबहाद्दर
@अर्धविराम, नाम हवंय हो. 'लोहाचे शोषून घेणे वाढते' असं लिहू?

अर्धविराम
'लोह जास्त शोषलं जातं' असं लिहा. इंग्रजीला प्रत्येक क्रियेचं नाम करून त्यापुढे एक निर्जीव क्रियापद टेकवायची खोड आहे, आपण ती का उचलायची? तुमच्या एकोणतीसपैकी पंचवीस ठिकाणी क्रियापदानं काम होईल, पैज लावतो.

मौनीबाबा
रुमाल टाकून ठेवतो.

प्रयोगवही
अर्धविराम, हे बोलायला सोपं आहे. शास्त्र शिकवताना नाम लागतंच. मी रसायनशास्त्र शिकवते. तिथे 'ॲब्सॉर्प्शन' आणि 'ॲडसॉर्प्शन' अशी जुळी भावंडं आहेत आणि दोघांना वेगवेगळी नावं नसतील तर वर्गात रोज गोंधळ. पहिल्यात पदार्थ आतपर्यंत शिरतो, स्पंजात पाणी शिरतं तसा. दुसऱ्यात तो नुसता पृष्ठभागावर चिकटतो. 'ॲडसॉर्प्शन' हा शब्द 1881 मध्ये हाइनरिश कायझर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं मुद्दाम घडवला, कारण त्यालाही तोवरच्या एका शब्दात दोन गोष्टी मावेनात. म्हणजे तिकडेही ही अडचण आलीच होती.

मराठीत आपण दुसऱ्याला 'अधिशोषण' म्हणतो. 'अधि' म्हणजे वर. मला तो शब्द फार आवडतो. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी असते ना, ती हवेतला ओलावा अधिशोषते. पाणी गाळायच्या यंत्रातला कोळसाही तेच करतो. सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये इतकी छिद्रं असतात की आतल्या भिंती पसरल्या तर हजारेक चौरस मीटर भरतील. एका ग्रॅमला! आता 'कोळसा वास शोषून घेतो' असं तुम्ही म्हणणार आणि मी मार्क कापणार.

रिकामटेकडी
बाई, मी शेवटच्या बाकावर आहे, मला तर दोन्ही सारखंच ऐकू आलं.

प्रयोगवही
@रिकामटेकडी, म्हणूनच फळ्यावर लिहून दाखवते. :)

कोपऱ्यातला
मूळ प्रश्नाकडे. 'मराठीत धड शब्द नाही' हे मला अजिबात पटलं नाही. शब्द कमी नाहीत, उलट इतके आहेत की इंग्रजीनं एकाच पोत्यात भरलेला माल आपण दहा फडताळांत लावून ठेवलाय. बघा:

पाऊस पडला की पाणी जमिनीत मुरतं किंवा जिरतं. कागद शाई पितो. टिपकागद ती टिपतो. वात तेल ओढते. विष अंगात भिनतं. गळणाऱ्या भिंतीत ओल धरते. सवय अंगी बाणते, विद्या आत्मसात होते. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसवून पाहा. 'कागदात शाई जिरली' म्हटलं तर चालेल, पण अर्थ हलला. 'विष अंगात मुरलं' म्हटलं तर वाटेल की गडी दहा वर्षं तसाच हिंडतोय.

आणि एक गंमत लक्षात आली, लिहिता लिहिताच. या क्रियापदांचा कर्ता कोण ते पाहा. पिणे, ओढणे, टिपणे: इथे घेणारा कर्ता. मुरणे, जिरणे, भिनणे: इथे जाणारा कर्ता, पाणी स्वतः जिरतं, जमिनीला कुणी विचारत नाही. इंग्रजी नाम यातलं काहीच सांगत नाही, नुसतं 'घडलं' म्हणतं. मराठी वाक्य सुरू करायच्या आधीच तुम्हाला कुणाच्या बाजूनं बोलायचं ते ठरवावं लागतं. बोरूबहाद्दर, तुमची अडचण शब्दाची नाही, बाजूची आहे.

मौनीबाबा
+१. रुमाल उचलला.

रंगारी
पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल द्यावीघ्यावी. आमच्या धंद्यात 'पिणे' रोज चालतं. नवं प्लास्टर रंग पितं. पहिला हात मारला की अर्धा डबा भिंतीच्या पोटात. म्हणून आधी अस्तर मारायचं, की तिची तहान भागते. घरमालकाला 'भिंतीची शोषणक्षमता' असं सांगितलं तर तो दुसरा रंगारी बघेल. 'भिंत लई पितीय' म्हटलं की त्याला लगेच कळतं आणि डब्याचे पैसे देताना कुरकुर करत नाही.

लाकडाचंही तसंच. कापलेल्या टोकाकडून लाकूड जास्त पॉलिश पितं, सपाट बाजूनं कमी. टोकाला उभ्या नळ्यांची तोंडं उघडी असतात त्यामुळे. म्हणून टोकं काळी पडतात.

रिकामटेकडी
'भिंत लई पितीय' हे आजचं वाक्य. आमच्या शेजारची भिंतही शनिवारी रात्री अशीच हलते.

पाणिनीचा_शेजारी
कोपऱ्यातला यांच्या मुद्द्याला जोड देतो, कारण 'शोषण' या बिचाऱ्यावर फार अन्याय चाललाय.

संस्कृतात मूळ धातू शुष्, म्हणजे वाळणे, कोरडे पडणे. शुष्क त्यातलाच. 'शोषण' म्हणजे मुळात वाळवणे. घशाला शोष पडतो तेव्हा घसा काहीही शोषून घेत नसतो, तो स्वतः कोरडा पडलेला असतो. म्हणजे हा शब्द घेणाऱ्याकडे बघतच नाही. ज्याच्यातून गेलं त्याच्याकडे बघतो. उलट लॅटिनमधलं 'अब्सॉर्बेरे' म्हणजे गिळून टाकणे, घटाघट ओढून घेणे. तिकडे नजर गिळणाऱ्यावर. एकाच घटनेची ही दोन टोकं.

म्हणून मजुराचं, शेतकऱ्याचं 'शोषण' हा अर्थ वाट चुकून आलेला नाही. तोच मूळ अर्थाला जवळचा आहे: कुणीतरी वाळत चाललंय. उसना आहे तो विज्ञानाचा अर्थ. आपल्याला आज उलटं वाटतं एवढंच.

अवांतर: कामदेवाच्या पाच बाणांची जुनी यादी आहे, उन्मादन, तापन, शोषण, स्तंभन, संमोहन. तिसरा बाण लागला की प्रेमिक वाळत जातो. जीवनसत्त्वांशी संबंध नाही.

अर्धविराम
म्हणजे 'बालकांमधील शोषण' या मथळ्यात व्याकरणदृष्ट्या बालकं वाळतायत. बोरूबहाद्दर, तुमचा हात वेळेवर थांबला.

उंटावरचा
शेजारीबुवा, मग 'जिरणे' कुठून?

पाणिनीचा_शेजारी
जॄ धातू. जीर्ण म्हणजे पचलेलं, आणि जीर्ण म्हणजे जुनंही, झिजलेलंही. अगस्तीच्या गोष्टीत वातापी राक्षस पोटात गेल्यावर ऋषी 'जीर्णो भव' म्हणतात, म्हणजे जिरून जा. आपली 'मस्ती जिरली', 'खोड जिरवली' ही त्याच घरातली. जिरणं म्हणजे नुसतं आत जाणं नाही, आत जाऊन आपलं वेगळेपण संपणं. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' मध्ये 'शोषवा' घालून पाहा, घोषणा तिथेच बसते.

धनुकली
मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे या धाग्यात माझा जीव अडकलाय. :)

बोरूबहाद्दर, तुमच्या पुस्तिकेतला मुख्य अर्थ आतड्यातला दिसतोय, म्हणून जरा सविस्तर. खाल्लेलं पचणं आणि आतड्यानं ते आत घेणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पचन म्हणजे तुकडे करणं. ते तुकडे लहान आतड्याच्या अस्तरातून रक्तात किंवा लसिकेत जाणं म्हणजे हे तुमचं ॲब्सॉर्प्शन. तुकडे नीट झाले पण आत गेलेच नाहीत, असंही होतं. ब-12 जीवनसत्त्वाचं उदाहरण घ्या. जठरात तयार होणारं एक प्रथिन त्याला धरून लहान आतड्याच्या पार शेवटच्या भागापर्यंत आणतं, तेव्हा ते आत घेतलं जातं. ते प्रथिन नसेल तर ताटात कितीही ब-12 वाढा, रक्त रिकामंच.

लोहाचीही तऱ्हा अशीच. वनस्पतींतलं लोह आतडं नाखुशीनं घेतं, सोबत क जीवनसत्त्व असलं की जास्त घेतं. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेतली तर कमी घेतं. तुमच्या त्या मथळ्याखाली बहुतेक हेच असणार.

आता शब्द. माझ्याकडे येणारा कुणीही 'माझं शोषण कमी आहे' असं म्हणत नाही. 'खाल्लेलं अंगी लागत नाही' म्हणतो. एका वाक्यात अख्खं निदान! मी तर म्हणेन आतड्यापुरता हाच शब्द: अंगी लागणे.

प्रयोगवही
धनुकली, शब्द गोड आहे पण अचूक नाही. अंगी लागणं म्हणजे रक्तात जाण्याच्याही पुढची पायरी, शरीरानं ते आपलंसं करणं. त्याला जीवशास्त्रात 'सात्मीकरण' म्हणतात, इंग्रजीत 'असिमिलेशन'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'सारखं करून घेणं'. तुम्ही दोन पायऱ्या वेगळ्या केल्यात आणि मग तिसरीचं नाव दुसरीला दिलंत.

धनुकली
मान्य, शास्त्राच्या वर्गात मान्य. पण पुस्तिका वाचणार कोण? आई वाचणार. तिला रक्तापर्यंत की पेशीपर्यंत हा भेद कशाला? पोराच्या अंगी लागलं पाहिजे, संपलं. जिथे भेद महत्त्वाचा तिथे 'आतड्यातून रक्तात जाते' असं सरळ लिहावं, त्याला कोणत्याच कोशाची गरज नाही.

प्रयोगवही
'आतड्यातून रक्तात जाते' याला माझी सही.

उंटावरचा
अवांतर. लहान आतड्याचा आतला भाग पसरला तर टेनिसचं मैदान व्यापेल असं शाळेत पाठ केलं होतं. ते खरं का हो धनुकलीताई?

धनुकली
मीही तेच पाठ केलं होतं! 2014 मध्ये हेलँडर आणि फँड्रिक्स या दोघांनी नव्यानं मोजमाप प्रसिद्ध केलं, त्यात लहान आतडं साधारण 30 चौरस मीटर निघालं. म्हणजे बॅडमिंटनचं अर्धं मैदान. पण टेनिसचा आकडा अजून पोस्टरांवर फिरतोय. वाचलेलं मेंदूत एकदा भिनलं की निघत नाही.

मौनीबाबा
भिनलं. बरोबर वापरलं.

भिंतीला_कान
या नावाचा मान राखून लिहितो. आवाजाचं काय? सभागृहांच्या ध्वनीचं काम करतो, तिथेही हाच शब्द.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधलं गेलं होतं आणि त्यात बोललेलं कुणालाच कळत नव्हतं. एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तोवर वक्ता पुढच्या वाक्याला पोचलेला. वॉलेस सेबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला हे निस्तरायला सांगितलं. तो आणि त्याचे मदतनीस रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचे, खोलीत मांडायचे, आवाज किती वेळात विरतो ते घड्याळावर मोजायचे, आणि सकाळच्या आत गाद्या परत. अशा रात्रींतून वास्तुध्वनीचं शास्त्र उभं राहिलं.

आता या धाग्याच्या कामाचा भाग. आवाज किती 'शोषला' जातो हे मोजायला त्यानं एकक घेतलं ते उघड्या खिडकीचं. एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे एक सेबिन. आता खिडकी काय शोषणार? तिच्यात तर काहीच नाही! आवाज तिच्यातून बाहेर जातो आणि परत येत नाही. पण खोलीच्या हिशेबानं गेला तो गेला. म्हणजे शेजारीबुवा म्हणतात तसं, इथे 'शोषण' शब्द गमावणाऱ्याच्या बाजूनं आहे आणि अगदी बरोबर आहे. खोली आवाजापुरती वाळते.

कोपऱ्यातला
भिंतीला_कान, दंडवत. उघडी खिडकी ही सर्वांत उत्तम शोषक, हे मी आता कुणालाही ऐकवणार.

रिकामटेकडी
आमच्या घरी माझं बोलणं याच पद्धतीनं शोषलं जातं. एका कानाच्या खिडकीतून.

गॅरेजवाली
मग शॉकॲबचं, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरचं, पण ऐकाच. गाडीतली स्प्रिंग धक्का घेते आणि लगेच परत देते, म्हणून नुसत्या स्प्रिंगवर गाडी डुलतच राहील. शॉकॲबच्या नळीत तेल असतं, ते बारीक छिद्रांतून रेटलं जातं आणि धक्क्याची ताकद उष्णतेत जाते. खराब रस्त्यावरून आल्यावर हात लावा, गरम लागेल. तेव्हा स्प्रिंग धक्का 'झेलते' आणि शॉकॲब तो 'जिरवतो'. इतके दिवस हा शब्द माझ्या डोक्यात नव्हता, या धाग्यानं दिला. गेलेलं शॉकॲब ओळखायची खूण: कोपरा दाबून सोडा, गाडी एकदाच वर येऊन थांबली तर ठीक, नमस्कार घालत राहिली तर नाही.

जमाखर्च
आमच्याकडेही! कारखान्याचा वरखर्च, म्हणजे वीज, भाडं, पहारेकऱ्याचा पगार, हे प्रत्येक वस्तूच्या किमतीत वाटून टाकतात त्याला 'ओव्हरहेड ॲब्सॉर्प्शन' म्हणतात. बोलताना आम्ही 'खर्च मालावर चढवला' म्हणतो. माल कमी बनला की सगळा खर्च चढत नाही, उरतो, मग वर्षाच्या शेवटी तोंडं उतरतात.

कच्चा माल महागला तरी किंमत वाढवली नाही, तेही ॲब्सॉर्ब करणं. मराठीत 'भाववाढ अंगावर घेतली'. तोटा असेल तर 'सोसला'. एक कंपनी दुसरीत गेली तर 'विलीन झाली'. कंत्राटी माणसं कायम केली तर 'सामावून घेतली', कागदोपत्री 'समावेशन'. दर वेळी वेगळा शब्द, आणि कुणाला अडलंय असं मी तरी पाहिलं नाही.

उंटावरचा
अंगावर घेणे, अंगी लागणे, अंगी बाणणे, अंगवळणी पडणे, अंगात भिनणे. मराठी माणसाचा स्पंज म्हणजे अंग.

कोपऱ्यातला
उंटावरून नेम बरोबर लागलाय.

शून्यएक
गणितवाल्यांचा राहिला. बुलीय बीजगणितात, म्हणजे खऱ्याखोट्याच्या गणितात, 'ॲब्सॉर्प्शन लॉ' आहे: अ किंवा (अ आणि ब) बरोबर अ. ब आला काय नि न आला काय, अ त्याला खाऊन बसतो. प्रोग्राममध्ये अशी अट सापडली की पुसून टाकतो. कुणी लिहिली होती ते विचारत नाही, बहुतेक वेळा मीच असतो.

अर्धविराम
'खाऊन बसणे' हाही यादीत घ्या.

रिकामटेकडी
मी एक प्रामाणिक घरगुती प्रश्न विचारते, विनोद नाही. नवा टॉवेल पाणी का टिपत नाही? नुसतं अंगभर फिरवतो.

प्रयोगवही
नव्या कापडावर मऊपणासाठी आणि चकाकीसाठी लेप दिलेला असतो, तो पाणी आत शिरू देत नाही. दोनचार वेळा धुवा. आणि धुताना कापड मऊ करायचं द्रव घालत असाल तर बंद करा, तेही तंतूंवर थर चढवतं. कापूस मुळात मेणचट असतो. झाडावरचा कच्चा कापूस पाण्यावर तरंगतो, अल्कलीत उकळून मेण काढलं की मगच जखमेवर ठेवायचा कापूस होतो.

बाळाच्या वापरून फेकायच्या लंगोटात तर कापसाचं कामच नाही आता. आत सोडियम पॉलिॲक्रिलेटची भुकटी असते. शुद्ध पाण्यात ती स्वतःच्या वजनाच्या काही शे पट पाणी धरते, खारट द्रवात त्याच्या कितीतरी कमी. आणि पाणी धरून जेल होते, पिळलं तरी सोडत नाही. स्पंज सोडतो. या फरकाला मराठीत 'पाणी पिणे' आणि 'पाणी धरणे' असे दोन शब्द आहेत, हे आत्ता लिहिताना जाणवलं.

अर्धविराम
बाई आमच्या बाजूला आल्या.

प्रयोगवही
अधिशोषण सोडणार नाही.

टंकदोष
जरा बाजूचा प्रश्न. क्रियापद 'ॲब्सॉर्ब', त्यात ब. नाम 'ॲब्सॉर्प्शन', त्यात प. मी वर्षानुवर्षं नामातही 'ब'च लिहीत आलोय आणि संगणक लाल रेघ मारतो. हा प कुठून घुसला?

पाणिनीचा_शेजारी
लॅटिनमधूनच. त समोर आला की ब चा आवाज बसतो आणि प होतो. तुम्ही रोज वापरता: सबस्क्राइब पण सबस्क्रिप्शन, प्रिस्क्राइब पण प्रिस्क्रिप्शन. आपल्याकडेही युज् पासून युक्त आणि युक्ती, ज चा क झाला. जीभ सगळीकडे सारखीच आळशी.

आणि ज्यांना 'पिणे' गावंढळ वाटतं त्यांच्यासाठी. 'इम्बाइब' हा इंग्रजीतला भारदस्त समानार्थी शब्द लॅटिनच्या 'बिबेरे' वरून आलाय, म्हणजे पिणे, आणि तो संस्कृतच्या 'पिबति'चा सख्खा नातेवाईक. रंगारीदादांची भिंत शुद्ध अभिजात भाषेत पितेय.

रंगारी
बायकोला वाचून दाखवलं. धन्यवाद.

झोपाळा
खेळात रमलेल्या मुलाबद्दल कुणीच बोललं नाही. मी मानसशास्त्र शिकलेय म्हणून लिहिते. तिथे 'ॲब्सॉर्प्शन' ही स्वभावाची एक खूण मानतात: एखाद्या गोष्टीत किती सहज बुडून जाता. टेलेगन आणि ॲटकिन्सन यांनी 1974 मध्ये यासाठी प्रश्नावली मांडली, 34 विधानांची. मावळता सूर्य पाहताना आजूबाजूचं भान सुटतं का, अशा धर्तीची.

पण इथे दिशा पार उलटी आहे हे लक्षात घ्या. लोह शरीरात जातं, शरीर घेतं. मूल मात्र खेळ घेत नाही, खेळच मुलाला घेतो. खेळ स्पंज, मूल पाणी. मराठीतले सगळे शब्द हेच सांगतात. तल्लीन म्हणजे तत् अधिक लीन, त्यात विरघळलेला. तन्मय म्हणजे त्याचाच झालेला. मग्न म्हणजे बुडालेला. गढून गेला, गुंगला, रंगला. इथे 'शोषण' लिहिलंत तर मात्र बाळाला खरंच खेळानं वाळवलं.

कोपऱ्यातला
'एन्ग्रॉस्ड'ची व्युत्पत्ती पाहा मग. जुन्या फ्रेंचमधलं 'आं ग्रो', घाऊक. सगळा माल एकगठ्ठा विकत घेऊन बाजार अडवणं हा त्याचा जुना अर्थ. तिकडे लक्ष गुंतणंसुद्धा व्यापार्‍याच्या भाषेत. आपल्याकडे माणूस विरघळतो.

अर्धविराम
कोपऱ्यातले, इथे जरा आवरा. आपल्याकडेही 'वेळ खाल्ला', 'लक्ष वेधलं', 'मन चोरलं' आहेच. प्रत्येक भाषेत चोर असतात.

कोपऱ्यातला
हे मात्र अंगावर घेतो.

बोरूबहाद्दर
मंडळी, चार दिवस गायब होतो, काम चालू होतं. सगळं वाचलं, काही दोनदा.

मी काय केलं ते सांगतो. काम देणाऱ्या बाईंना तो चौदाव्या पानाचा मथळा जसाच्या तसा पाठवला, वर काहीही न लिहिता. पाच मिनिटांत फोन आला. एका शब्दाची अट सुटली. मग एकोणतीस जागा परत काढल्या. मथळा झाला 'लोह अंगी लागावे म्हणून'. मजकुरात जिथे नेमकेपणा हवा तिथे 'आतड्यातून रक्तात जाते'. मलम त्वचेत 'जिरते', कारण ते दिसेनासं होतं. मूल खेळात 'गढून जाते'. तक्त्यांच्या डोक्यावर जागा कमी असते आणि तिथे नाम लागतंच, म्हणून तीन ठिकाणी 'अवशोषण' ठेवलंय. प्रयोगवही, हे तुमच्यासाठी. मीच त्याला पुस्तकी म्हणून नाक मुरडलं होतं, पण तक्त्यात तो शब्द गप्प उभा राहतो, मध्ये मध्ये बोलत नाही.

सॉफ्टवेअरनं एकोणतीसच्या एकोणतीस जागी लाल रेघ मारली आहे. पान गोवर आल्यासारखं दिसतं.

एकच अडकलंय. जखमेवरच्या पट्टीचं वाक्य: तिचं 'ॲब्सॉर्प्शन' चांगलं असावं. 'पट्टीचे टिपण चांगले असावे' लिहिलं तर पट्टीनं वहीत काहीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटतं.

रिकामटेकडी
'टिपण काढणारी हुशार पट्टी हवी.'

प्रयोगवही
शोषकता?

बोरूबहाद्दर
शोषक पट्टी म्हटलं की मला मोर्चा दिसतो.

अर्धविराम
'रक्त चांगले टिपणारी पट्टी वापरा.' क्रियापद. दुसऱ्या प्रतिसादापासून सांगतोय.

बोरूबहाद्दर
घेतलं.